टाहोला स्कीइंग: लिफ्टच्या रांगा आणि गर्दी कशी टाळता?

चकली_फ्रीमाँट
१४ नोव्हेंबर, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बे एरियातून दर हिवाळ्यात टाहोला, म्हणजे सिएरातल्या तळ्याभोवतीच्या स्की रिसॉर्टना, जाणारे इथे बरेच आहेत, म्हणून विचारतेय. आम्ही चौघं. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. नवरा बऱ्यापैकी स्की करतो, मी ग्रीनवर (सर्वात सोप्या उतारांवर) खूश, फार तर एखादा सोपा ब्लू, म्हणजे मध्यम उतार.

मागच्या नाताळच्या आठवड्यात एका मोठ्या रिसॉर्टला गेलो होतो, नाव मुद्दाम घेत नाही. लांबच्या पार्किंगमधून शटल, मग भाड्याच्या बुटांची रांग, मग गोंडोलाची (बंद केबिनच्या लिफ्टची) रांग. मुलं बर्फावर उभी राहिली तेव्हा लोक जेवायला बसले होते. तिकिटांचा आकडा आठवला की अजून पोटात कळ येते.

यंदा नकोच असं माझं मत, पण घरात माझ्या मताला एकच मत आहे. तेव्हा सांगा: कुठले दिवस, कुठलं रिसॉर्ट, दिवसाची आखणी कशी करायची? फक्त "लवकर निघा" सांगू नका. ते सासूबाई पुण्याहून फोनवरही सांगतात.

---

खारा_शेंगदाणा
१४ नोव्हेंबर, रात्री १०.१९

लवकर निघा.

---

सॅक्रामेंटोकर
१५ नोव्हेंबर, सकाळी ६.३५

शेंगदाण्याकडे दुर्लक्ष करा, तो स्वतः दहाला उठतो.

चकलीताई, तुम्ही लिहिलेला क्रम पुन्हा वाचा. लिफ्टची रांग सगळ्यात शेवटी आली. त्याआधी पार्किंग, शटल आणि बूट यांत सकाळ गेली, आणि त्याहीआधी रस्ता होताच, तो तुम्ही मोजलेला नाही. नवशिक्या कुटुंबाचा दिवस खातात त्या या आधीच्या रांगा. लिफ्टच्या खुर्चीपाशी उभं राहणं हा त्यातला लहान भाग.

आधी तारखा. नाताळ ते नवीन वर्ष, जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारचा मार्टिन ल्यूथर किंग वीकेंड आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारचा प्रेसिडेंट्स डे, या तिन्हींना अख्खा देश सुट्टीवर असतो. आपल्याकडे त्यात भर म्हणजे बे एरियातल्या बऱ्याच शाळांचा 'स्की वीक'. प्रेसिडेंट्स डेला जोडून पूर्ण आठवडा सुट्टी, आणि नावातच सांगून ठेवलंय की कुठे जायचं! तो आठवडा घरी बसा, नाहीतर समुद्रावर जा.

तारखा पाठ करायची गरज नाही. एपिक किंवा आयकॉन (अनेक रिसॉर्टना मिळून चालणारे हंगामी पास) यांच्या साइटवर जाऊन स्वस्तातल्या पासवर कुठल्या दिवशी प्रवेश नाही ती यादी बघा. पास विकत घ्यायचा नसला तरी बघा. ते गर्दीचं पंचांगच आहे, आणि ज्यांच्याकडे सगळ्या तिकिटांचा हिशेब असतो त्यांनी बनवलेलं आहे.

उरलेल्यात माझे आवडते दिवस म्हणजे नवीन वर्षानंतरचा पहिला पूर्ण आठवडा, जानेवारीअखेरचे मधले वार, आणि मार्चच्या मध्यानंतरचा सगळा काळ. मार्च-एप्रिलबद्दल लोकांची समजूत विचित्र आहे. फ्रीमाँटमध्ये चेरीला फुलं आली की त्यांना वाटतं वरचा बर्फ संपला. खरं तर सिएरा नेवाडात बर्फाचा साठा साधारण एप्रिलच्या सुरुवातीला सर्वात जास्त असतो, आणि लोक तोवर मुलांच्या सॉकरकडे वळलेले असतात. दुपारी बर्फ भिजून जड होतो हे खरं, पण सात वर्षांच्या पोराला मऊ बर्फ बराच. पडलं तर लागत नाही.

सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा रविवार हा जुना तोडगा आहे आणि अजून चालतो. सामना बघायला लोक निघतात आणि दुपारी एकनंतर डोंगर रिकामा होतो. ज्या वर्षी तो प्रेसिडेंट्स डेच्या वीकेंडात येतो ते वर्ष सोडून.

---

चकली_फ्रीमाँट
१५ नोव्हेंबर, सकाळी ८.०४

बापरे, हे पंचांग भारी आहे. लगेच काढते यादी. पण मधले वार म्हणजे शाळा बुडवायची का?

---

खडूफळा
१५ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

शिक्षिका म्हणून लिहिते. एखादा दिवस बुडवला तर पोरं बिघडत नाहीत. फक्त ताप आल्याचं खोटं कळवून मग बर्फातले फोटो टाकू नका, आम्हीही फोन वापरतो. कॅलिफोर्नियात सरकारी शाळांना पैसे रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतात. म्हणून शाळा गैरहजेरीबद्दल कुरकुरते, त्यात तुमच्यावर राग नसतो.

त्यापेक्षा शाळेचं कॅलेंडर नीट बघा. वर्षात एक-दोन सोमवार किंवा शुक्रवार शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मुलांना सुट्टी असते. ती प्रत्येक डिस्ट्रिक्टची वेगळी. तुमच्या गावाला सुट्टी आणि शेजारच्या गावाची शाळा चालू, असे दिवस हाताशी असतात आणि कोणी वापरत नाही.

---

डोंगरमाथा
१५ नोव्हेंबर, रात्री ९.२१

सॅक्रामेंटोकर, मार्चबद्दल सहमत, पण 'आधीच्या रांगा' हे सगळं नवशिक्यांचं झालं. ज्यांचं सामान स्वतःचं आहे आणि जे सातलाच पार्किंगमध्ये असतात त्यांना लिफ्टचीच रांग लागते. पॅलिसेड्स रिसॉर्टला पावडर डेला (ताजा बर्फ पडलेल्या दिवशी) केटी-२२ या लिफ्टखाली जाऊन बघा. लिफ्ट सुरू व्हायच्या आधी तासभर लोक हौसेनं उभे असतात.

---

सॅक्रामेंटोकर
१५ नोव्हेंबर, रात्री ९.४८

केटी-२२ ची रांग हा वेगळा विषय आहे, ती टाळण्यासाठी नसतेच. तिथे उभं राहणं हा त्यांच्या खेळाचा भाग आहे. चकलीताई तिथे जाणार नाहीत, वरून उतरायला एकही ग्रीन नाही.

---

गिअरबॉक्स
१५ नोव्हेंबर, रात्री ११.३०

मला या विषयात यंत्राच्या बाजूनं थोडं लिहायचं आहे. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

चार जणांची खुर्ची दर सहा सेकंदांनी एक सुटते असं धरा. तासाला ६०० खुर्च्या, २४०० माणसं. आता गंमत अशी की वेगवान लिफ्ट आणि जुनी संथ लिफ्ट यांच्या या आकड्यात लोकांना वाटतो तेवढा फरक नसतो. जुन्या लिफ्टमध्ये खुर्ची दोराला कायमची जखडलेली असते, दोर सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास चालतो. नव्या प्रकारात खुर्ची स्थानकात दोरापासून सुटते, हळू होते, माणसं बसली की परत दोर पकडते आणि सेकंदाला पाच मीटरनं पळते. पण दर तासाला किती माणसं वर जातील हे दोराच्या वेगावर ठरत नाही. किती सेकंदांनी एक खुर्ची भरून सुटते त्यावर ठरतं.

मग वेगानं काय होतं? दहा मिनिटांच्या लिफ्टवर एका वेळी ४०० माणसं हवेत बसलेली असतात. तीच लिफ्ट पाच मिनिटांची केली की हवेत २०० उरतात. बाकीची २०० कुठे गेली? काही उतारावर, आणि बरीचशी खाली रांगेत. बसून थांबायचं की उभं राहून, एवढाच प्रश्न. त्यामुळे गर्दीच्या दिवशी नकाशात जी जुनी, दोन किंवा तीन माणसांची, संथ लिफ्ट दिसेल तिच्याकडे जा. लोक ती टाळतात. वर जायला वेळ लागेल, पण बसून, बिस्किटं खात.

दुसरं, रिकाम्या जागा. पुढे ३०० माणसं आहेत आणि प्रत्येक खुर्ची पूर्ण भरतेय, तर साडेसात मिनिटं. सरासरी तीनच बसताहेत तर दहा. एकट्यांची वेगळी रांग यासाठीच ठेवतात. तुमचे यजमान एकटे स्की करत असतील तेव्हा त्यांनी तीच धरावी. लहान मुलाला मात्र त्या रांगेत पाठवायचं नाही.

तिसरं, थांबे. लिफ्ट एक मिनिट थांबली की ४० माणसांची बस चुकली. नवशिक्यांच्या लिफ्टवर कोणी ना कोणी चढता-उतरताना पडतं, म्हणून ती रांग दिसायला छोटी असली तरी सरकत नाही. मुलाला खुर्चीवर चढायची धास्ती असेल तर लिफ्टवाल्याला आधी हात करून सांगा, तो वेग कमी करतो. थांबवण्यापेक्षा हळू केलेलं सगळ्यांनाच परवडतं.

---

चकली_फ्रीमाँट
१६ नोव्हेंबर, सकाळी ७.५५

गिअरबॉक्स, नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो हे बरोबर आहे पण मग रिसॉर्टवाले एवढे पैसे घालून वेगवान लिफ्ट का लावतात?

---

गिअरबॉक्स
१६ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

थंडी-वाऱ्यात दहा मिनिटं लटकायला कोणालाच आवडत नाही, आणि दिवसभरात उतरायला जास्त वेळ मिळतो. शिवाय खुर्ची स्थानकात हळू होत असल्यानं चढताना पडझड कमी, थांबे कमी, त्यामुळे जागाही जास्त भरतात. फायदा आहेच. फक्त वेगवान म्हणजे रांग नाही, हे समीकरण खरं नाही.

---

वाटसरू_डेन्व्हर
१६ नोव्हेंबर, सकाळी १०.३२

कोलोरॅडोची कहाणी यापेक्षा वेगळी नाही. आय-७० हा एकच रस्ता आणि वर आयझेनहावर बोगदा. शनिवारी सकाळी सगळं डेन्व्हर त्या बोगद्याकडे निघालेलं असतं. आम्ही मुलांना घेऊन लव्हलंडला जातो, ते बोगद्याच्या अलीकडेच आहे. ना मोठं गाव, ना झगमग, पायथाच १०,८०० फुटांवर म्हणून पहिल्या दिवशी डोकं दुखतं, पण गाडीतून उतरून चालत लिफ्टला.

गर्दीचा पासशी काय संबंध आहे हे बघायचं तर अरापाहो बेसिनचं उदाहरण. लहान डोंगर, मर्यादित पार्किंग आणि एपिक पासवर येणारा लोंढा. २०१९ मध्ये ते एपिकमधून बाहेर पडले. कारण उघड सांगितलं होतं, गाड्या लावायला जागाच पुरत नव्हती.

कॉपर या रिसॉर्टला वेगळे पैसे भरून वेगळ्या रांगेतून जायची सोय आहे, २०२१ च्या हंगामात सुरू झाली. आम्ही घेत नाही. एकाच्या पैशात दुसऱ्याची रांग लांबते, मला ते पटत नाही. कॉपरचा डोंगर मात्र नवशिक्यांना छान. एका बाजूला सोपे उतार, मध्ये मध्यम, दुसऱ्या टोकाला अवघड, असा निसर्गानंच लावलेला आहे. पट्टीचे स्कीवाले तुमच्या अंगावर येत नाहीत.

---

खारा_शेंगदाणा
१६ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

देवळात व्हीआयपी दर्शनाचा पास चालतो आणि लिफ्टला नाही?

---

वाटसरू_डेन्व्हर
१६ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

तोही पटत नाही.

---

सॅक्रामेंटोकर
१६ नोव्हेंबर, रात्री ८.१५

डेन्व्हरकरांनी लव्हलंड सांगितलं, त्याचे टाहोतले भाऊ सांगतो. नियम तोच: खिंडीच्या अलीकडे थांबा.

आय-८० वर डॉनर समिटच्या आसपास सोडा स्प्रिंग्ज, शुगर बोल, डॉनर स्की रँच, बोरियल ही सगळी आहेत. पुढच्या ट्रकी गावात उतरायचंच नाही, आणि तिथून पॅलिसेड्स किंवा नॉर्थस्टार या रिसॉर्टकडे जाणाऱ्या एकेका लेनच्या रस्त्यांवर अडकायचं नाही. सात वर्षांच्या मुलाला सोडा स्प्रिंग्ज पुरेसं आहे, ट्यूबिंगही (फुगवलेल्या ट्यूबवर बसून घसरणं) आहे. डॉनर स्की रँच जुनाट, स्वस्त आणि संथ, म्हणजे गिअरबॉक्सच्या हिशेबात बसणारं. शुगर बोल मला या भागात सर्वात आवडतं. १९३९ मध्ये सुरू झालं तेव्हा कॅलिफोर्नियातली पहिली खुर्चीची लिफ्ट तिथे लागली. वॉल्ट डिस्नीनं त्यात पैसे घातले होते, एका डोंगराला अजून त्याचं नाव आहे. मुलांना एवढं सांगितलं की ती तिथेच जायचं म्हणतील. बोरियलला संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात स्कीइंग असतं. आम्ही सॅक्रामेंटोचे लोक कामावरून सुटून जातो, तुम्हाला फ्रीमाँटहून ते झेपणार नाही.

हायवे ५० वरून गेलात तर सिएरा-ॲट-टाहो, तेही एको समिट या खिंडीच्या अलीकडे. २०२१ च्या काल्डोर वणव्यात त्याची झाडी होरपळली, पुढचा हंगाम जवळजवळ गेलाच, २०२२ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झालं. कौटुंबिक वातावरण आहे. चकलीताई, तुमच्यासाठी माझं पहिलं मत यालाच.

एपिक पास असेलच आणि हेवनली रिसॉर्टला जायचं ठरलं असेल तर गावातल्या गोंडोलाकडे सगळे जातात तिकडे जाऊ नका. नेवाडाच्या बाजूनं, किंग्सबरी ग्रेडवरून, स्टेजकोच आणि बोल्डर असे दोन पायथे आहेत. गाडी लावा, चढा. गोंडोलाची दुसरी मेख कोणी आधी सांगत नाही: गावापर्यंत उतरत येणारा उतारच नाही. म्हणजे संध्याकाळी चारला खाली यायलाही तीच रांग. तुम्ही ग्रीनवाल्या असाल तर मात्र स्टेजकोचकडे परत येणारे उतार नकाशात बघून मगच ठरवा.

पॅलिसेड्सला अलीकडच्या हंगामांत वीकेंडला पार्किंगचं आरक्षण आधी करावं लागतं. लोक वैतागतात, पण त्यामुळे सकाळची कोंडी कमी झाली असं माझं मत. आरक्षण न करता गेलात तर मात्र तीन-साडेतीन तास गाडी चालवून परत फिरावं लागेल. मुलांसाठी त्याच रिसॉर्टची आल्पाइनची बाजू बरी.

---

डोंगरमाथा
१६ नोव्हेंबर, रात्री ९.०२

नॉर्थस्टारवर अन्याय होतोय. वारा सुटला की तेच वाचवतं. टाहोत वादळाच्या दिवशी कड्यावरच्या लिफ्ट वाऱ्यामुळे बंद ठेवतात, मग सगळी जनता खालच्या दोन-तीन लिफ्टवर. रांग का वाढली हे लोकांना कळतच नाही. नॉर्थस्टारला झाडी दाट आहे, आडोसा मिळतो. सिएरालाही थोडाफार.

आणि वादळाच्या दिवशी जावं की दुसऱ्या दिवशी, हा प्रश्न येतोच. वादळ चालू असताना डोंगर रिकामा असतो. वादळ थांबून निळं आकाश उघडलं आणि तो शनिवार असला, तर त्याहून वाईट दिवस वर्षात नाही.

---

सॅक्रामेंटोकर
१६ नोव्हेंबर, रात्री ९.३०

मान्य. पण वादळात डोंगर रिकामा का असतो? रस्ता बंद असतो म्हणून! २०२२-२३ चा हिवाळा आठवा. डॉनरजवळच्या बर्कलीच्या स्नो लॅबमध्ये ७५४ इंच बर्फ मोजला गेला, म्हणजे बासष्ट फुटांहून जास्त. आय-८० पुन्हा पुन्हा बंद, खुद्द रिसॉर्टही काही दिवस बंद. मुलं मागच्या सीटवर असताना वादळ पकडायला जाऊ नये. एकटे असाल तर तुमची मर्जी.

---

अंजनवेल
१७ नोव्हेंबर, दुपारी १.१५

आई म्हणून माझे दोन पैसे. वरच्या मंडळींनी डोंगर सांगितले, मी बुटांचं सांगते.

लहान मुलांचं सामान हंगामभरासाठी भाड्यानं घ्या. बे एरियातच दुकानं आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाऊन निवांत मापं घ्यायची आणि हंगाम संपला की परत करायचं. रिसॉर्टवरच्या भाड्याच्या दुकानात सकाळी नऊला रडणारी मुलं, ओले मोजे आणि फॉर्म भरणारे बाबा असतात, तिथे पाऊलच टाकायचं नाही. मोठ्यांसाठी तेवढं करायचं नसेल तर वाटेतल्या गावात आदल्या संध्याकाळी घ्या.

मुलांना स्की स्कूलला घाला. महाग आहे, पण बहुतेक ठिकाणी वर्गाला लिफ्टसाठी वेगळी वाट असते. मुलगा शिकतोही आणि रांगेतही उभा राहत नाही. अगदी पहिला दिवस असेल तर लिफ्ट हवीच कशाला, मॅजिक कार्पेटवर (उभं राहून वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर) दुपारपर्यंत मजेत जातं.

जेवण: अकराला किंवा दीडनंतर. बाराला कॅफेटेरियात ट्रे घेऊन जागा शोधणं ही सगळ्यात लांब रांग. आम्ही पराठे फॉइलमध्ये गुंडाळून आतल्या खिशात ठेवतो, अंगाच्या उबेनं मऊ राहतात. लोक बारा ते एक जेवत असताना लिफ्ट बऱ्यापैकी मोकळ्या असतात, तेव्हा स्की करायचं.

आणि मंडळाच्या सहा कुटुंबांचा ताफा घेऊन जाऊ नका. कोणाचा तरी हातमोजा हरवतो, कोणाला तरी चहा हवा असतो, आणि सगळे मिळून पावणेअकराला लिफ्टपाशी. एकत्र रात्री जेवा, सकाळी आपापले निघा.

---

खारा_शेंगदाणा
१७ नोव्हेंबर, दुपारी १.२२

तो चहा माझा होता. पण पराठ्यांबरोबर लोणचं कुठल्या खिशात?

---

कोथरूडकर
१७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४०

आम्ही इकडे पुण्यात बसून हे सगळं वाचतोय. गुलमर्गला जायचं आहे जानेवारीअखेर, मुलगा पहिल्यांदाच स्की करणार. तिथल्या गोंडोलाच्या रांगेबद्दल फार ऐकलंय. कोणी सांगेल का?

---

डोंगरमाथा
१७ नोव्हेंबर, रात्री ८.५०

कोथरूडकर, पहिली गोष्ट म्हणजे नवशिक्याला गोंडोलाची गरजच नाही. गुलमर्गच्या मैदानातच सोपे उतार आहेत, ओढून नेणाऱ्या छोट्या लिफ्ट आहेत, पहिले काही दिवस तिथेच जातील. गोंडोलाची रांग मुख्यतः वर जाऊन बर्फ बघून परत येणाऱ्या पर्यटकांची असते.

तरी वर जायचंच असेल तर हे लक्षात घ्या की दोन टप्पे आहेत. पहिला कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, बराच उंचावर. तिकीट आधी ऑनलाइन काढायचं. दुसरा टप्पा वारा किंवा हिमस्खलनाचा धोका असेल तर उघडतच नाही, म्हणून मुक्कामाच्या पहिल्याच दिवसाचं तिकीट काढा, हुकलं तर पुढचे दिवस हातात राहतात. श्रीनगरहून दिवसभरासाठी येणाऱ्या गाड्या सकाळी उशिरा पोहोचतात. त्याआधी पहिल्या केबिनमध्ये बसायचं तर मुक्काम गुलमर्गमध्येच हवा, निदान खालच्या तंगमर्गला.

दुसऱ्या टप्प्यावरून खाली येणारा भाग आखीव रिसॉर्टसारखा नाही. तिथे हिमस्खलनात अनुभवी स्कीवालेही गेले आहेत. शिकाऊ मुलाला तिकडून उतरवू नका, केबिननंच परत या.

रीतसर शिकायचं असेल तर तिथे केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, तिच्या कोर्सची चौकशी करा.

---

कोथरूडकर
१७ नोव्हेंबर, रात्री ९.१५

फारच उपयोगी. पहिल्या दिवसाचं तिकीट काढतो. धन्यवाद.

---

चकली_फ्रीमाँट
१८ नोव्हेंबर, रात्री १०.४०

तर आमचं ठरलं असं. मुलांच्या शाळेला फेब्रुवारीअखेरीस एका सोमवारी शिक्षकांची सुट्टी आहे (खडूफळाताई, तुम्हाला साष्टांग). रविवारी दुपारी निघायचं, सोमवारी सिएरा-ॲट-टाहो. सामान या शनिवारी हंगामभरासाठी घेतोय. आता प्रश्न मुक्कामाचा. साउथ लेक टाहोला राहायचं का?

---

सॅक्रामेंटोकर
१९ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

नाही. तिकडे गेलात तर एको समिट दोनदा ओलांडाल. रविवारी रात्री खालीच राहा, फॉलसम किंवा प्लेसरव्हिलला. हॉटेलं टाहोच्या मानानं स्वस्त, बर्फ नाही. सोमवारी सहाला निघालात तरी लिफ्ट सुरू व्हायच्या आधी पोहोचाल. आय-८० नं जाणाऱ्यांसाठी ऑबर्न हीच जागा.

रविवारी दुपारी तुम्ही वर जाताय हेही बरं. सगळा लोंढा उलट्या दिशेनं खाली येत असतो. परतताना सोमवार असल्यानं फार त्रास नाही. एरवी रविवारी परतायचं असेल तर एकला डोंगर सोडा, नाहीतर तिथेच जेवून सातनंतर निघा. तीन ते सातमध्ये रस्त्यावर असलात की सकाळी वाचवलेलं सगळं परत द्यावं लागतं.

तिकीट आत्ताच ऑनलाइन घ्या. खिडकीवरचा भाव सगळीकडे जास्त असतो, मोठ्या ठिकाणी गर्दीच्या दिवशी एका माणसाचे २०० डॉलरच्या वर जातात. ज्यांना एपिक किंवा आयकॉन घ्यायचाय त्यांनीही लक्षात ठेवा, डिसेंबरच्या सुरुवातीनंतर ते सहसा मिळत नाहीत.

---

चकली_फ्रीमाँट
१९ नोव्हेंबर, सकाळी ८.१२

प्लेसरव्हिल बुक करते. शेवटचा प्रश्न. आमची गाडी साधी पुढच्या चाकांवर चालणारी सेडान आहे. चेन कंट्रोल (बर्फात टायरना साखळ्या लावायची सक्ती) लागला तर?

---

गिअरबॉक्स
१९ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

तर बहुतेक वेळा चेन लावावी लागेल. सक्तीच्या तीन पायऱ्या आहेत, आर-१ ते आर-३. चारही चाकांवर चालणारी गाडी आणि चारही बर्फाचे टायर असतील तर आर-२ पर्यंत चेन न लावता सोडतात, पण चेन गाडीत बाळगावी त्यांनाही लागते. आर-३ म्हणजे कोणालाच सूट नाही, आणि बहुतेक वेळा त्याआधी रस्ताच बंद करतात. निघण्यापूर्वी कॅलट्रान्सचं (राज्याच्या रस्ते खात्याचं) क्विकमॅप बघा.

माप टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं, ते घेऊन दुकानात जा. त्याआधी गाडीचं मॅन्युअल बघा. बऱ्याच सेडानना चाकाभोवती जागा कमी असते, त्यांना जाड साखळी चालत नाही, केबलचा प्रकार लागतो. तुमची पुढच्या चाकांवर चालते, म्हणजे पुढच्या दोन चाकांना. घरासमोर कोरड्यात एकदा लावून-काढून बघा, नवऱ्यालाही लावायला सांगा. आणि पावती ठेवा, न वापरलेल्या चेन काही दुकानं हंगामाअखेर परत घेतात.

---

खारा_शेंगदाणा
१९ नोव्हेंबर, सकाळी ११.५०

घरासमोर लावून बघितल्या तर न वापरलेल्या कशा?

---

गिअरबॉक्स
१९ नोव्हेंबर, दुपारी १२.०५

दुकानदाराला विचारूनच घ्या. परत घेणार नसेल तर राहू दे, पुढच्या वर्षी लागतीलच. पण लावायचा सराव सोडू नका.